चोरीस गेलेले कोणी भरून द्यावे?

गुन्हेगारास शासन झाले म्हणजे न्याय झाला, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्याचे घर फुटले, ज्याचा कमावता मुलगा वाटेत मारला गेला, ज्या स्त्रीच्या देहावर कायमची खूण उरली, त्यांच्या पदरी या न्यायातून काय पडले, हा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. आरोपी तुरुंगात जातो, दंडाची रक्कम सरकारी खजिन्यात जाते, आणि ज्याच्यावर आघात झाला तो साक्ष देऊन रिकाम्या हाती घरी परततो. गेल्या काही दशकांत ही स्थिती बदलण्याचा प्रयत्न झाला आहे. गुन्ह्यास बळी पडलेल्या निरपराध माणसाने राज्याकडे भरपाई मागावी, ही कल्पना अनेकांना अगदी नवी आणि पाश्चात्त्य वाटते. तिचे मूळ मात्र फार जुने आहे, आणि त्यातील एक शाखा थेट आपल्या घराण्यांच्या दप्तरांपर्यंत येऊन पोहोचते. तिचा मागोवा घेण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

बाबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या विधिसंहितेत, म्हणजे सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, असा नियम आढळतो की, लुटारू सापडला नाही तर लुटल्या गेलेल्या माणसाने आपले काय गेले ते देवासमक्ष सांगावे, आणि ज्या नगराच्या हद्दीत लूट झाली त्या नगराने व त्याच्या प्रमुखाने ते भरून द्यावे. जीव गेला असेल तर मृताच्या माणसांना एक मिना चांदी द्यावी. गुन्हेगार हाती लागला नाही म्हणून बळी पडलेल्याचा हक्क बुडत नाही, हे तत्त्व इतक्या प्राचीन काळी स्पष्टपणे मांडलेले पाहून आश्चर्य वाटते.

आपल्याकडील धर्मशास्त्राची भूमिका याहून एक पाऊल पुढची आहे. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात चोरांनी नेलेले धन राजाने सर्व वर्णांच्या लोकांना परत द्यावे असे सांगितले आहे, आणि जो राजा ते स्वतःच वापरतो त्याला चोराचेच पाप लागते असे बजावले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत हाच विचार अधिक तपशिलाने येतो. गावाच्या हद्दीत चोरी झाली आणि चोराचा माग हद्दीबाहेर गेल्याचे दिसले नाही, तर जबाबदारी त्या गावाची. माग दुसऱ्या गावात शिरला तर त्या गावाची. हद्दीपासून कोसापलीकडे घडले तर आसपासच्या पाच किंवा दहा गावांनी मिळून भार उचलावा. कौटिल्याने अर्थशास्त्रात व्यापारी तांड्यांविषयी असेच नियम घालून दिले. तांडेवाल्यांनी आपल्या मालाची किंमत आधी जाहीर करून गावात मुक्काम करावा, मग रात्री काही गेले तर ते ग्रामप्रमुखाने द्यावे. दोन गावांच्या मधल्या प्रदेशात गेले तर कुरणांवरच्या अधिकाऱ्याने द्यावे. कोठेच पत्ता लागला नाही तर राजाने स्वतःच्या द्रव्यातून द्यावे, असेही तो सांगतो.

या नियमांच्या मुळाशी एक साधा करार आहे. राजा प्रजेकडून उत्पन्नाचा भाग घेतो तो रक्षणाच्या मोबदल्यात. रक्षण झाले नाही, तर घेतलेला भाग अन्यायाचा ठरतो. म्हणून चोरीस गेलेल्याची भरपाई ही राजाची दया नसून त्याचे देणे आहे. आपल्या प्रदेशांत ही परंपरा ज्या ग्रंथांतून टिकून राहिली त्यांचा उल्लेख येथे अवश्य केला पाहिजे. याज्ञवल्क्यावरील ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत कल्याण नगरीत लिहिली. बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण ते हेच. पुढे सतराव्या शतकात पैठणहून काशीस जाऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने ‘व्यवहारमयूख’ रचला, आणि तो गुजरात व कोकणात प्रमाण मानला गेला. मूळ गाव सोडून दूर वसलेल्या एका मराठी घराण्याने कायद्याच्या परंपरेत केवढी भर घातली, याचे हे ठळक उदाहरण आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी या ग्रंथाचे संपादन केले आणि धर्मशास्त्राच्या इतिहासात व्यवहाराचा हा सर्व भाग सविस्तर मांडला.

शास्त्रात लिहिले ते प्रत्यक्षात कितपत उतरले, ही शंका कोणीही घेईल. त्यासाठी पेशवाईच्या अखेरीचा पुरावा उपयोगी पडतो. पेशव्यांचा मुलूख ताब्यात आल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ साली त्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात गावगाड्याच्या पोलिसी व्यवस्थेचे वर्णन आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराच्या पावलांचा माग काढावा. माग शिवेपर्यंत नेऊन शेजारच्या गावाच्या जागल्याच्या स्वाधीन केला की पहिल्या गावाची सुटका होई. गुजरातेत पावलांचा माग काढणाऱ्या पगी लोकांविषयी बडोद्याच्या वाचकांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकले असेल. व्यवस्था त्याच जातीची. माग गावातच थांबला तर चोर हजर करावा, नाही तर गेलेला माल भरून द्यावा. प्रथम जागल्याने आपल्या ऐपतीप्रमाणे, आणि उरलेले साऱ्या गावाने.

माळव्यात याच तत्त्वाला अहिल्याबाई होळकर यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७६७ ते १७९५ या काळात, निराळे रूप मिळाले. जॉन माल्कम याने मध्य हिंदुस्थानावरील आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, डोंगरी वाटांवरून जाणाऱ्या मालावर लहानशी पट्टी घेण्याचा भिल्लांचा जुना हक्क बाईंनी मान्य केला, तो ‘भिलकवडी’ या नावाने ओळखला जाई. त्याच्या बदल्यात आपापल्या हद्दीतील वाटा सुरक्षित राखण्याची आणि तेथील चोरीची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. प्रत्येक प्रवाशाने थोडे द्यावे आणि त्यातून सर्वांच्या वाटा राखल्या जाव्यात, ही योजना आजच्या विम्याच्या कल्पनेपासून फार दूर नाही. राजपुतान्यात खुनाच्या बदल्यात मृताच्या कुटुंबास जमीन देण्याची ‘मुंडकटी’ नावाची चाल होती, तीही याच वर्गात मोडते.

तथापि जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दुसरी बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. एल्फिन्स्टननेच नमूद केले आहे की, संपूर्ण भरपाई वसूल करणे उघडच अन्यायाचे होते, कारण चोरी टाळणे किंवा तिचे नुकसान भरून देणे गावाच्या आवाक्यात असेलच असे नव्हते. म्हणून पूर्ण रकमेचा आग्रह काही प्रसंगीच धरला जाई, एरवी काहीतरी दंड बसे. हयगय किंवा चोरांशी संगनमत दिसले तर पाटलाचे किंवा जागल्याचे इनाम काढून त्याच्या जवळच्या नातेवाइकास देत, बेडी घालीत किंवा मारही देत. हा भार सर्वप्रथम पडे तो महार, रामोशी, भिल्ल या रखवालीचे काम करणाऱ्या जातींवर, म्हणजे गावात ज्यांच्यापाशी सर्वांत कमी होते त्यांच्यावर. ज्याचे धन गेले तो निरपराध होता खरा, पण ज्याच्याकडून ते वसूल केले जाई तोही पुष्कळदा तितकाच निरपराध असे. एका निर्दोष माणसाचे नुकसान दुसऱ्या निर्दोष माणसाच्या माथी मारून न्याय होत नाही. या विषयाच्या इतिहासात हा पेच पुन्हा पुन्हा डोके वर काढतो.

दुसरा पेच बळी पडलेल्याच्या निरपराधपणाचा. मोगल काळातील व्यवस्थेविषयी निकोलाव मनुची या इटालियन प्रवाशाने लिहिले आहे की, दिवसाढवळ्या वाटसरू लुटला गेला तर फौजदाराने भरपाई द्यावी. रात्री लुटला गेला तर मात्र दोष वाटसरूचा, त्याने वेळीच सराईत आसरा का घेतला नाही? भरपाई मागणाऱ्याचे स्वतःचे वर्तन तपासण्याची ही वृत्ती पुढील काळातही कायम राहिलेली दिसेल.

इंग्रजी अंमल स्थिरावला तसतशी गावाची ही सामूहिक जबाबदारी मागे पडत गेली. पोलिस, न्यायालय आणि तुरुंग अशी नवी व्यवस्था आली. गुन्हा म्हणजे राज्याविरुद्धचे कृत्य, हा सिद्धान्त तिच्या मुळाशी होता. त्यामुळे खटला सरकार आणि आरोपी यांच्यात चालू लागला आणि ज्याच्यावर गुन्हा झाला तो केवळ साक्षीदार उरला. गरीब जागल्याच्या मानेवरचे जोखड उतरले ही या बदलाची जमेची बाजू म्हटली पाहिजे. पण त्याच्या जागी सरकारने स्वतः ते देणे अंगावर घेतले नाही. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ५४५ व्या कलमान्वये वसूल झालेल्या दंडातून बळी पडलेल्यास काही रक्कम देण्याची मुभा न्यायालयास होती, परंतु दंडच झाला नाही किंवा आरोपी सापडलाच नाही तर सारे दार बंद. गंमत अशी की, सरकारला सोयीचे होते तेथे सामूहिक जबाबदारी जिवंत ठेवण्यात आली. १८६१ च्या पोलिस कायद्यात १८९५ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यान्वये अशांत म्हणून जाहीर केलेल्या भागात नुकसान सोसलेल्यांना द्यावयाची भरपाई तेथील रहिवाशांकडून वसूल करता येत असे.

युरोपातील सर्वच देशांनी हा मार्ग धरला नव्हता. फ्रान्स, पोर्तुगाल यांसारख्या देशांच्या कायद्यात फौजदारी खटल्यातच नुकसानभरपाईचाही निर्णय होत असे. पोर्तुगालच्या १९२९ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने तर आरोपी दोषी ठरताच न्यायाधीशाने बळी पडलेल्यासाठी रक्कम ठरवावी असे सांगितले होते. गोव्यातील जुन्या वकील घराण्यांना हा फरक नव्याने सांगायला नको.

राज्याने स्वतः भरपाई द्यावी हा विचार आधुनिक काळात पुन्हा जागा केला तो इंग्लंडमधील समाजसुधारक मार्जरी फ्राय यांनी. तुरुंग सुधारणेसाठी आयुष्य वेचलेल्या या विदुषीने १९५७ साली ‘ऑब्झर्व्हर’ या वृत्तपत्रात लेख लिहून असा मुद्दा मांडला की, हल्लेखोराकडून भरपाई वसूल होण्याची आशा फोल असते, तेव्हा कामगाराच्या अपघाताचा भार जसा समाज वाटून घेतो तसा गुन्ह्याच्या आघाताचाही घ्यावा. पुढच्याच वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचा विचार प्रथम कायद्यात उतरला तो न्यूझीलंडमध्ये, १९६३ साली. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये योजना सुरू झाली, आणि १९६५ मध्ये अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात. १९८४ साली अमेरिकेने गुन्हेगारांकडून वसूल होणाऱ्या दंडातून या कामासाठी केंद्रीय निधी उभारला. २९ नोव्हेंबर १९८५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने गुन्ह्यास बळी पडलेल्यांच्या न्यायाविषयी जाहीरनामा संमत केला.

ब्रिटनच्या योजनेत एक अट होती, तिची हकीगत बोधप्रद आहे. हल्लेखोर आणि बळी एकाच घरात राहत असतील तर भरपाई मिळत नसे, कारण ती रक्कम फिरून गुन्हेगाराच्याच हाती पडेल अशी भीती होती. परिणामी स्वतःच्या घरात मार खाल्लेली बायको किंवा अत्याचार सोसलेले मूल यांनाच दार बंद झाले. १९७९ मध्ये ही अट सैल झाली, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना ती लागूच राहिली. २०१८ मध्ये अपील न्यायालयाने ती अन्यायाची ठरविल्यावर २०१९ मध्ये ती रद्द झाली. मनुचीच्या वाटसरूला सराई न गाठल्याचा दोष लागला होता. येथे तर आपल्याच घरात असणे हा दोष ठरला. बळी पडलेल्याचे निरपराधपण कोण आणि कोणत्या कसोटीवर ठरवतो, यावर अशा योजनांचा खरेखोटेपणा अवलंबून असतो.

भारतात स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाकडे लक्ष वळण्यास बराच काळ लागला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५७ व्या कलमाने दंडाची शिक्षा झाली नसली तरी आरोपीस भरपाई देण्याचा हुकूम करण्याचा अधिकार न्यायालयांना दिला, पण तो फारसा वापरला गेला नाही. त्याचा सढळपणे वापर करा, असे सर्वोच्च न्यायालयाला १९८८ मध्ये सांगावे लागले. २०१३ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात न्यायालयाने आणखी पुढे जाऊन असे म्हटले की, प्रत्येक खटल्यात भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्यच आहे.

राज्याच्या स्वतःच्या जबाबदारीचा मार्ग मात्र दुसऱ्या बाजूने खुला झाला. बिहारमधील एक कैदी १९६८ साली निर्दोष सुटूनही १९८२ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षे, तुरुंगातच राहिला. ‘रुदुल शाह विरुद्ध बिहार राज्य’ या १९८३ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांनी, राज्य सरकारने आधी दिलेल्या ५,००० रुपयांखेरीज आणखी ३०,००० रुपये अंतरिम भरपाई म्हणून द्यावेत असा आदेश दिला. रक्कम लहान होती, पण घटनेने दिलेला हक्क पायदळी तुडवला गेला तर राज्याने पैसा मोजला पाहिजे, हे त्यातून प्रस्थापित झाले. १९९३ मध्ये पोलिस कोठडीत मरण पावलेल्या ओरिसातील तरुणाच्या आईस १,५०,००० रुपये देण्याचा आदेश देताना न्यायालयाने हे तत्त्व अधिक पक्के केले.

या साऱ्याची परिणती २००८ च्या दुरुस्तीत झाली. ३१ डिसेंबर २००९ पासून संहितेत ‘३५७ अ’ हे कलम अमलात आले. प्रत्येक राज्याने केंद्राच्या सहकार्याने भरपाईची योजना करावी व त्यासाठी निधी ठेवावा, असे त्यात सांगितले. न्यायालयाने शिफारस केली की जिल्हा किंवा राज्य विधी सेवा प्राधिकरण रक्कम ठरवते. त्याहून महत्त्वाचे असे की, गुन्हेगार सापडला नाही किंवा ओळखला गेला नाही आणि खटलाच उभा राहिला नाही, तरीही बळी पडलेला माणूस किंवा त्याचे वारस थेट प्राधिकरणाकडे अर्ज करू शकतात. चौकशी दोन महिन्यांत पुरी व्हावी, आणि तातडीच्या उपचारासाठी पोलिस ठाण्याच्या प्रमुखाच्या दाखल्यावरून अंतरिम मदत मिळावी, अशीही तरतूद आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली, तिच्या ३९६ व्या कलमात हीच व्यवस्था पुढे चालू आहे. चोर सापडला नाही तरी धन्याचा हक्क बुडत नाही, हे कौटिल्याचे तत्त्व अशा रीतीने पुन्हा कायद्याच्या पुस्तकात आले.

रकमांच्या बाबतीत राज्याराज्यांत मोठी तफावत राहिली. तेजाब हल्ल्याच्या बाबतीत किमान ३ लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. महाराष्ट्राने २०१३ मध्ये अत्याचारपीडित स्त्रिया व बालके यांच्यासाठी ‘मनोधैर्य’ योजना काढली आणि पुढे तिची मर्यादा १० लाखांपर्यंत वाढविली. २०१८ मध्ये राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने स्त्रियांसाठी तयार केलेली योजना न्यायालयाने सर्व राज्यांसाठी आधारभूत मानली. तीत जीवितहानीसाठी ५ ते १० लाख, बलात्कारासाठी ४ ते ७ लाख अशा मर्यादा आहेत, आणि अर्जासाठी गुन्ह्यापासून किंवा खटला संपल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे. बळी पडलेली व्यक्ती अल्पवयीन असेल तर रक्कम निम्म्याने वाढते.

जुन्या आणि नव्या व्यवस्थेची तुलना केली तर काय दिसते? जुन्या शास्त्राची दृष्टी मुख्यतः धनावर होती. नव्या कायद्याची दृष्टी देहावर, जिवावर आणि पुन्हा उभे राहण्यावर आहे. जुनी भरपाई दुबळ्या रखवालदाराच्या खिशातून निघे, नवी सर्वांच्या करातून निघते, म्हणून ती अधिक न्याय्य आहे. परंतु एका बाबतीत जुनी व्यवस्था सरस होती. ज्याचे गेले त्याला कोणाकडे जायचे ते ठाऊक असे. पाटील गावात होता, शीव डोळ्यांसमोर होती. आज प्राधिकरणाचे कार्यालय बहुधा जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते, तरी तेथे असा अर्ज करता येतो हे ज्यांना सर्वांत अधिक गरज आहे त्यांनाच ठाऊक नसते. आरोपी सापडला नाही म्हणजे सारे संपले, असे समजून ते घरी बसतात, आणि तीन वर्षे निघून जातात.

येथे आपल्यासारख्या घराण्यांचा संबंध येतो. आपले पूर्वज बेळगावात, बडोद्यात, इंदूर-ग्वाल्हेरीत किंवा हैदराबादेत वसले, ते पुष्कळदा लेखणीच्या बळावर. दुसऱ्याची हकीगत नीट ऐकून ती कागदावर उतरविणे आणि योग्य दरबारी पोहोचविणे, हे त्यांचे काम होते. आज आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या बाईच्या मुलीवर हल्ला झाला, किंवा शेजारच्या रखवालदाराला चोरांनी जायबंदी केले, तर सहानुभूतीच्या चार शब्दांपेक्षा एक व्यवस्थित अर्ज त्याच्या अधिक उपयोगी पडेल. पोलिस फिर्यादीची प्रत, वैद्यकीय दाखला, खर्चाच्या पावत्या आणि घडलेल्या गोष्टीचे सरळ निवेदन एवढे जोडून तो जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावयाचा असतो. गुन्हा ज्या राज्यात घडला त्या राज्याची योजना लागू होते, हे सीमाभागातील वाचकांनी विशेषतः ध्यानात ठेवावे. तो अर्ज लिहून देण्यास वकिलीची सनद लागत नाही.